उजवी बॅग

"अरे, काहीतरी जळतंय," मागून बायको म्हणाली.

"पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील." हापिसात टेस्टरने बग दाखवला की आपण "माझ्याकडे तर चालतंय" म्हणतो ना, अगदी त्याच सुरात.

ताम्हिणी उतरून विळ्याच्या जवळ आलो होतो. दिवेआगरला निघालो होतो. तिने दुसऱ्यांदा सांगितल्यावर थांबलो. उजवी सॅडलबॅग सायलेन्सरला चिकटलेली, तळहाताएवढं भोक, काळे थेंब पत्र्यावर. आणि त्याच बॅगेत अस्मादिकांनी टॉवेलात गुंडाळून पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल ठेवलेलं, वाटेत पंप नाही मिळाला तर म्हणून! टॉवेल करपला होता. बाटली शाबूत, पण फुगलेली.

बायको काही बोलली नाही. बाटली उचलून वीस पावलं लांब एका दगडावर ठेवून आली. दिवेआगर येईपर्यंत गप्पच होती.

मी पार्किंगमध्ये बघितलं होतं हो! चार बोटं अंतर होतं. फक्त तेव्हा बॅग रिकामी होती, मागे कोणी बसलेलं नव्हतं आणि गाडी मेन स्टँडवर. परतल्यावर थिअरी काढली की वजनाने शॉकॲब्सॉर्बर दबले म्हणून अंतर कमी झालं. आकृतीबिकृती काढली. साफ चूक! माझ्या गाडीत सीट आणि सायलेन्सर दोन्ही चासीलाच बसवलेत, त्यामुळे दोन्ही एकत्रच खाली जातात. वर येतं ते चाक.

खरा गुन्हेगार पट्टा. वजनाने तो बकलमधून सरकतो, बॅग लोंबते आणि तिचा खालचा कोपरा वळणावर आत झुलतो. डावीकडे तिला टेकायला साडी गार्ड असतं. (1989 च्या मोटार वाहन नियमांत मागचं निम्मं चाक तरी झाकलेलं हवं असं आहे, ते साडी-ओढणी अडकू नये म्हणून.) उजवीकडे टेकायला फक्त सायलेन्सर! पॉलिएस्टरचं कापड साधारण 250-260 अंशांना वितळतं, पण पट्टे पॉलीप्रॉपिलीनचे असले तर 160 च्या आसपासच. म्हणजे आधी पट्टा मऊ, मग बॅग अजून खाली. असो.

मग एका वेल्डिंगवाल्या मामांकडून 10 मिमी सळईची चौकट करून घेतली. वर ग्रॅब रेलच्या बोल्टला, खाली फूटरेस्टच्या. बॅग आता तिच्यावर बसते, लोंबत नाही. खालचे पट्टे पुढे-मागे ताणून बांधले. सायलेन्सरच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा, पण दोन्हीला न चिकटता, मधून हवा खेळेल असा. सायलेन्सरच्या तोंडामागे काहीही येऊ दिलं नाही.

टेस्टिंग मात्र यावेळी नीट केलं. बॅगेत पाच किलो पीठ, मागे बायको, आणि बॅग हाताने जोरात आत दाबून बघायची. तरी दोन इंच उरले पाहिजेत. मग बॅगेच्या आतल्या बाजूला खडू फासून दहा किलोमीटर खड्ड्यातून चक्कर. सायलेन्सरवर पांढरा डाग म्हणजे बग. पहिल्या फेरीत बारीकसा सापडलाच! चौकट बाहेर वाकवून घेतली, दुसऱ्या फेरीत काही नाही.

पेट्रोलची बाटली कायमची बंद. पंप बघूनच टाकी भरतो.

नंतर पुन्हा त्याच रस्त्याने जाऊन आलो. निघताना बायकोने स्वतः बोटं घालून अंतर मोजलं. आणि तिचे कपडे अजूनही डाव्याच बॅगेत असतात. उजवीत माझे :)