झिलई

मराठी समीक्षेत ‘गुळगुळीत’ हे विशेषण प्रशंसेचे मानले जात नाही. एखाद्या कवितेची भाषा फार सफाईदार असली की आपल्याला तिच्याविषयी संशय येऊ लागतो. ‘वरवरची झिलई’ असा शेरा मारून आपण पुढच्या कवितेकडे वळतो. पदवीच्या वर्गात मीही वर्षानुवर्षे हेच शिकवीत आलो आहे. या समजुतीला तडा गेला तो मात्र एका स्कूटरच्या चाकामुळे.

स्कूटर वडिलांची. १९९१ साली घेतलेली बजाज चेतक. नळदुर्ग-तुळजापूर परिसरातल्या शाळांमधली आपली सारी मास्तरकी अण्णांनी तिच्यावरच केली. नोंदणीच्या पुस्तकावर जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद आहे. २०२३पासून आम्ही धाराशिवचे झालो, पुस्तक तसेच राहिले. अण्णांच्या पायाचे हाड मोडल्यापासून ती पडवीत उभी होती. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला, भंगारात देऊन टाकू. अण्णांनी विरोध केला नाही. फक्त म्हणाले, “द्यायची तर द्या. पण अशी गंजकी देऊ नका. चाकं तरी बघण्यासारखी करा.”

दुसऱ्या दिवशी मी रंगाचे डबे आणले. मे महिना, टळटळीत दुपार, गच्ची. तारेच्या ब्रशाने गंज खरवडला आणि फवारा मारला. वाळल्यावर हात लावला तर चाक काचकागदासारखे खरखरीत. मग चिडून डबा जवळ धरून भरपूर रंग ओतला. आता ओघळ आले. अण्णा खुर्चीत बसून पाहत होते. मोतीबिंदूमुळे त्यांना कितपत दिसले कोण जाणे. काही बोलले नाहीत, हे जास्त लागले.

सोलापूर रस्त्यावर डेंटिंग-पेंटिंगचे काम करणारा एक तरुण माझा जुना विद्यार्थी निघाला. २०१५-१६च्या दुष्काळात दुसऱ्या वर्षातून त्याने कॉलेज सोडले होते. त्याच्या एका निबंधावर ‘भाषेला सफाई नाही’ असे मी लिहिले होते. (सफाई नसली तरी आमचा शेरा, असली तरी शेरा. असो.) त्याने चाक हातात घेतले, उलटसुलट फिरवले आणि म्हणाला, “सर, लई घाई करायलात तुम्ही. रंगाचं काम रंगाच्या आधीच असतंय.”

त्यानंतरच्या तीन रविवारी मी त्याचा विद्यार्थी होतो. चेतकचे लोखंडी चाक दोन भागांचे असते. टायरमधली हवा पूर्ण काढल्याखेरीज ते जोडणारे नट सैल करायचे नाहीत, नाहीतर दाबाने भाग उडतो. दोन चाके आणि स्टेपनी मिळून सहा भाग झाले. जुना रंग उतरवायचा, थिनरने तेलाचा अंश पुसायचा, गंजाने पडलेल्या खड्ड्यांत लांबी भरायची, घासायची. मग प्रायमर, आणि तोही वाळल्यावर पाण्यातला पेपर, आधी चारशे नंबरचा, मग आठशेचा. नट जिथे टेकतात तिथे कागदी पट्टी लावायची, कारण तिथला जाड रंग दबून नट सैल पडतात. तोंडाला मास्क हवाच. घासून झाल्यावर तो डोळे मिटून तळवा फिरवी आणि एखाद्या जागी थांबे. मला तिथे काहीच दिसत नसे. “डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतंय, सर.”

आमच्याच जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका आठवले. थापटण्याने संतांची डोकी पारखून नामदेवांचे मडके कच्चे ठरवणारी ती आख्यायिका मी रूपक म्हणून कितीदा तरी शिकवली आहे. तिच्यात कुंभाराचा एक खराखुरा हातही आहे, याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

माझे चुकले कुठे, तेही त्याने सांगितले. चकाकी रंगात नसते. पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे प्रकाश चहूकडे विखुरतात. ते नसले की तो एका दिशेने परततो, आणि त्यालाच आपण झिलई म्हणतो. ओला रंग काही काळ आपणहून पसरून समपातळीत येतो. तेवढी सवड त्याला थिनर देतो. मेच्या उन्हात थिनर हवेतच उडतो आणि थेंब पत्र्यावर पोचतात ते कोरडेच. पावसाळ्यात उलट, हवेतल्या ओलीने रंगावर पांढुरकी छटा येते. म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो.

नोव्हेंबरमधल्या एका वारा नसलेल्या सकाळी धूळ बसावी म्हणून अंगणात सडा घातला, आयुष्यात प्रथमच, स्वतःच्या हाताने. चाकाचे भाग तारेवर टांगले. डबा आतली गोळी खडखडेपर्यंत आणि त्यानंतरही दोन मिनिटे हलवला. वीतभरापेक्षा थोडे जास्त अंतर; फवारा चाकाच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेरच थांबवायचा; प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहावा. दहा मिनिटे थांबायचे. मग दुसरा, तिसरा. शेवटचा तेवढा जरा ओलसर. त्यावर पारदर्शक लॅकरचे दोन हात. सर्वांत अवघड होते ते मधले थांबणे. पाचव्या भागापर्यंत मी थांबलो. सहावा स्टेपनीचा, झाकणाआड राहणारा. आणि ऊन चढू लागले होते.

आठवडाभर वाळू दिल्यावर टायर चढवले. अण्णांची खुर्ची पडवीत नेली. त्यांनी पुढच्या चाकावर तळवा ठेवला आणि सावकाश फिरवला. मग मागच्या. मग म्हणाले, “स्टेपनी कुठंय?” मी झाकण काढले. त्यांची बोटे आत गेली, फिरली आणि एका ठिकाणी थांबली.

“इथं घाई झाली,” ते म्हणाले. नंतर बराच वेळ हात तिथेच होता.

“मडगार्डला किती डबे लागतील?”