दहा बोरं

शनिवारी रात्री आमचं डी अँड डी डिस्कॉर्डवर चालतं. गेम मास्टर पुण्यात, मी बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत. मागून गाडीचा भोंगा वाजला की पुण्याहून हमखास विचारणा होते, 'ड्रॅगन आला का?'

मी क्लेरिक खेळते, म्हणजे देवाची पुजारीण. हात लावला की जखम भरते. 2014च्या नियमांत 'क्युअर वूंड्स' हा मंत्र क्लेरिक आणि ड्रुइड दोघांकडे आहे, फासाही तोच, आठ बाजूंचा. 1978च्या पुस्तकात मात्र क्लेरिकला तो पहिल्या पातळीवर मिळायचा, ड्रुइडला दुसऱ्या. बरं करणं हे देवळाचं काम, जंगलवाल्यानं जरा थांबावं!

आमचा ड्रुइड धारणीचा. त्याचा लाडका मंत्र 'गुडबेरी': दहा बोरं, एका बोराला एक पॉइंट. समोर राक्षस आणि हा बोरं वाटतोय.

'हे औषध हाय का नाश्ता बे?'

'दोन्ही.'

नियमच तसा आहे. एक बोर खाल्लं की दिवसाचं जेवण झालं. क्लेरिकलाही अन्न निर्माण करता येतं, पण पाचव्या लेव्हलला पोचल्यावर.

त्याच्या मेळघाटात कोरकूंचा भुमका वेगळा, पडियार वेगळा. भुमका गावदेवाची पूजा करतो, पडियारच्या अंगात येतं. आपण इकडचे दोघांनाही मांत्रिक म्हणून मोकळे होतो. बाळाचं पोट फुगलं की गरम विळ्याच्या डागण्या देतात, त्याचा राग मला येतोच, त्यालाही येतो. पण तो म्हणतो, पोट रिकामं का होतं ते आधी विचार.

बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी तेच विचारलं. मुलं आजारानं जात होती, पण आजारामागे उपासमार होती. मग हे डॉक्टर शेतीकडे वळले. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. माझ्या भाषेत, क्लेरिकनं गुडबेरी शिकून घेतली.

गेल्या महिन्यात खेळात दुष्काळी गाव आलं. उपाशी माणसाला थकवा चढत जातो, सहाव्या पायरीला मरण. माझ्या 'क्युअर वूंड्स'नं तो एक पायरीही उतरत नाही. मी चौथ्या लेव्हलला. ड्रुइडकडे दोनच मंत्र उरलेले, म्हणजे वीस बोरं. गावात माणसं तेवीस.

रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही ते तिघं कोण यावरच भांडत होतो.