सहीचा कागद

गेल्या चैत्रात धाकटा भाऊ भरदुपारी मळ्यात आला. मी उसाला दारे धरत होतो. त्याच्या हातात कागद होता. ओढ्याकाठचे वीस गुंठे तारण ठेवायचे म्हणाला. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावे, म्हणून माझी सही हवी.

त्याचे गावाबाहेर छोटे वर्कशॉप आहे. आमच्या कोल्हापूरकडे फौंड्र्या पुष्कळ. त्यांना पंपाच्या इम्पेलरचे पॅटर्न हा करून देतो. मशीन जुने, आणि त्याला हुकूम पाठवणारा कॉम्प्युटर त्याहून जुना, डॉसवर चालणारा. नव्या कॉम्प्युटरवर आकृती काढायची, फ्लॉपीवर घ्यायची, ती जुन्यात घालायची. मग तो वायरीने मशीनला एकेक ओळ पाजतो. त्या दिवशी शेवटची धड फ्लॉपीही दगावली. पडद्यावर एकच पालुपद, ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ सोनी कंपनीने जपानात फ्लॉपी विकणे २०११ च्या मार्चमध्येच थांबवले. आपल्या तालुक्याला कुठली मिळायला! मशीनच्या धंद्यातल्या एकाने सांगितले, हे भंगारात घाला, कर्ज काढून नवे घ्या.

मी सही करणारच होतो. पाठच्या भावाला नाही कसे म्हणावे? पण मागोमाग पुतणी आली. डिप्लोमा झालेली पोर.

“तात्या, चार दिवस थांबा. मशीन धडधाकट हाय. नुसती फाईल पोचत न्हाई.”

तिने भंगारवाल्याकडून जुने नेटवर्क कार्ड आणले, त्या कॉम्प्युटरात बसवले आणि वायरीने नव्याला जोडले. मायकेल ब्रुटमन नावाच्या गृहस्थांनी डॉससाठी ‘एमटीसीपी’ नावाचे प्रोग्रॅम लिहून फुकट दिले आहेत. फ्लॉपी नाही, म्हणून जुन्याची हार्डडिस्कच काढून तिने ते तीवर उतरवले. फाईलच्या नावात मात्र आठच अक्षरे, टिंबानंतर तीन. लांब नाव त्या म्हाताऱ्याला चालत नाही.

तिसऱ्या दिवशी फाईल आली, आणि मशीन मुके झाले! भावाने कपाळाला हात लावला. रात्री उशिरा पोरीला कारण सापडले. कॉम्प्युटरात प्रत्येकाला हाक मारायला एक नंबर असतो. मशीनच्या वायरीचा नंबर तीन, आणि नव्या कार्डाचाही तीनच. दोघे एकाच हाकेला ओ देत होते. तिने कार्डाचा नंबर पाच केला.

पुढचे मला लगेच समजले, कारण ते आपल्या पाण्यासारखे आहे. मशीनच्या डोक्यात थोडेच मावते. वाफा भरला की ते ‘थांब’ म्हणते, रिकामा झाला की ‘सोड’. ही खूण कॉम्प्युटरने पाळली नाही तर मधल्या ओळी वाहून जातात आणि कटर भलतीकडे शिरतो. शिवाय डॉसला एका वेळी एकच काम जमते. आधी फाईल पुरती घ्यायची, मगच मशीनला सोडायची. बाहेरच्या इंटरनेटला तिने त्याला मुळीच जोडले नाही. त्याच्या दाराला कडीच नाही म्हणते.

पाचव्या दिवशी पहाटेपर्यंत मशीन चालले. सकाळी पॅटर्न फौंड्रीत गेला.

सहीचा कागद माझ्याच खिशात होता. पुतणीने तो मागून घेतला, मागच्या कोऱ्या बाजूवर तीन आणि पाचचे आकडे ठळक लिहिले आणि कॉम्प्युटरच्या झाकणाला आतून चिकटवून टाकला.