परड्यातले पाहुणे

कन्नडमध्ये एक म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल'. परसातल्या झाडाला कुणी औषध म्हणून विचारत नाही. आपल्या मराठीतली 'पिकते तिथे विकत नाही' ही तिचीच बहीण. आपल्या सीमाभागातल्या घरांना दोन्ही म्हणी पाठ आहेत, आणि आपण दोन्ही अगदी इमानेइतबारे पाळतो! पक्षी बघायला जायचे म्हटले की आपल्याला घटप्रभेवरचे धुपदाळ आठवते, नाहीतर गदग जिल्ह्यातले मागडीचे तळे. मागडीला हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. २०२४ साली त्या तळ्याचे नाव रामसर यादीतही गेले. तिथे जरूर जावे, मीही जाऊन आले आहे. पण बेळगावच्या जुन्या वस्तीत आमच्या घरामागे जे जेमतेम तीस फूट रुंदीचे परडे आहे, तिथे गेल्या आठ वर्षांत मी परगावाहून येणाऱ्या चौदा जातींच्या पाखरांचे फोटो काढले आहेत. त्यासाठी एस. टी.चे तिकीट काढावे लागले नाही की डबा बांधावा लागला नाही.

परडे म्हणजे काय, तर एक आड, धुण्याचा दगड, दगडाखालून निघणारी मोरी, मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू आणि केळी, एक शेवगा. आणि आमच्या व शेजाऱ्यांच्या मधल्या भिंतीला खेटून असलेला मोठा उंबर. खोड नेमके हद्दीवर. अर्ध्या फांद्या आमच्याकडे, अर्ध्या त्यांच्याकडे. आम्ही त्याला औदुंबर म्हणून पाणी घालतो, पलीकडच्या अज्जी त्याला अत्ती मर म्हणून हळदकुंकू वाहतात. आमच्या धारवाडच्या सूनबाईमुळे नातवाला घरात दोन्ही भाषा मिळाल्या. त्यामुळे त्याला भिंतीच्या अलीकडे आजी आणि पलीकडे अज्जी, अशा दोघी आहेत.

२०१७ साली शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मुलाने कॅमेरा दिला. लेन्स बदलावी लागत नाही, पण दूरचे जवळ दिसते असा. स्वयंपाकघराच्या खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा लावून त्याला मी एक चीर पाडली आहे. माणूस दिसला नाही की पाखरू निर्धास्त असते. सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम, ऊन आपल्या पाठीशी हवे. शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून जास्त ठेवावा लागतो, कारण हे पाहुणे क्षणभर स्वस्थ बसतील तर शपथ! आणि पाखराचा डोळा स्पष्ट आला पाहिजे. पिसारा थोडा धूसर चालतो, डोळा धूसर आला की फोटो मेलेला वाटतो. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावण्याची युक्ती काही हौशी मंडळी करतात. मला ते पटत नाही. हजारो मैलांवरून थकून आलेल्या पाहुण्याला खोट्या हाका मारून दमवायचे कशाला?

सगळ्यांत आधी येतो तो करडा धोबी. कन्नडमध्ये याला सिपिले म्हणतात. पाठ राखी, शेपटीखाली लिंबासारखा पिवळा आणि शेपूट सारखी खालीवर. आपल्याकडे बारमाही राहणारा मोठा काळापांढरा धोबी वेगळा, तो घराच्या कौलांवर बसून गातो. हा करडा हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला डोंगरातल्या ओढ्याकाठी पिल्ले वाढवतो आणि पावसाळा सरता सरता आपल्याकडे उतरतो. वजन जेमतेम वीस ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर. थंडीत तिकडे किडे मिळेनासे होतात, आणि इकडे तेव्हाच पावसाने सगळे हिरवे होऊन किड्यांची रेलचेल असते, असा हा साधा पोटाचा हिशेब आहे. डोंगरातला ओढा सोडून आलेल्या त्या जिवाला आमच्या धुण्याच्या दगडाखालची मोरी का आवडावी, देव जाणे. पण आवडते खरी. मोरीच्या कडेने तुरुतुरु चालत तो चिलटे टिपतो आणि अळूच्या पानाआड जातो.

कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर तारीख आणि वेळ आपोआप नोंदवतो. हिशेबाच्या जुन्या वहीत मी त्या तारखा उतरवून घेतल्या, तेव्हा माझी मीच चकित झाले. आठही वर्षे धोबी १८ ते २९ सप्टेंबरच्या दरम्यान आला. गणपती मागेपुढे होतात, दसरा मागेपुढे होतो, हा मात्र कॅलेंडर बघून आल्यासारखा! दर वर्षी तोच पक्षी येतो का, हे पायात कडी घातल्याशिवाय सांगता येत नाही. मात्र कडी घातलेले धोबी पुन्हा त्याच बागेत परतल्याच्या नोंदी आहेत.

ऑक्टोबरात वटवटे येतात. केळीच्या वाळल्या पानांतून 'चक् चक्' असा दोन गारगोट्या आपटल्यासारखा आवाज आला की तो बोरूवटवट्या. पूर्व युरोप आणि सैबेरियाकडून ही मंडळी येतात, तीही रात्रीच्या अंधारात उडत. रंग मातकट, त्यामुळे फोटोला कुणी 'वा' म्हणत नाही. भोरड्या थव्याने येतात, संध्याकाळी आभाळात त्यांचा ढग वळतो. जोंधळ्याच्या शेतकऱ्याला त्या नकोशा वाटतात, पण टोळ खाण्यातही त्यांचा हात कुणी धरणार नाही. उंबर पिकला की हळद्या येतो. त्याला अज्जी होन्नक्की म्हणतात, आणि नाव ऐकताच सोने डोळ्यांपुढे उभे राहते.

नावांचा घोळ सोडवायला आमच्याकडे दोन पुस्तके आहेत. माझ्या कपाटात मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश', आणि अज्जींच्या नातवाकडे पूर्णचंद्र तेजस्वींचे 'हक्कि पुक्क'. तेजस्वी मूडिगेरेच्या आपल्या मळ्यात राहून स्वतः पाखरांचे फोटो काढत. ते २००७ साली गेले, चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये. भिंतीवरून दोन्ही पुस्तकांची देवघेव चालते. नवरंग मात्र दोन्ही भाषांत नवरंगच. पावसाच्या तोंडावर एखादी सकाळ तो उंबराखालचा पाचोळा उलटवत काढतो आणि पुढे जातो. तमिळमध्ये त्याला सहा वाजताचे पाखरू म्हणतात म्हणे, कारण पहाटे आणि तिन्हीसांजेला तो शीळ घालतो.

आता स्वर्गीय नर्तकाबद्दल. याचे जुने मराठी नाव बाणपाखरू, कन्नडमध्ये बालदंडे हक्की. पांढराशुभ्र नर, काळे डोके आणि शेपटीला हातभर लांब दोन फिती. उंबराची एक आडवी फांदी भिंतीवरून शेजारी गेली होती, तिच्यावर हा बसायचा. उंबरात चिलटे असतात आणि हा माशीमार, म्हणजे जेवणाचे पान मांडलेलेच. २०१८ पासून पाच हिवाळे मी त्याचे फोटो काढले.

२०२२ साली अज्जी पडल्या, खुब्याचे हाड मोडले. वय एक्याऐंशी. त्यांची खोली माडीवर, जिना चढणे कायमचे बंद झाले. मागच्या बाजूला न्हाणीसकट एक खोली तळमजल्यावर बांधायची, असे त्यांच्या मुलाने ठरवले. त्या जागेत उंबर येत होता. शहरात झाड तोडायचे तर कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. शिवाय झाड हद्दीवरचे, म्हणून आमची संमती विचारायला तो आला. चांगला मुलगा आहे, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. आमचे हे म्हणाले, "आधी माणूस, मग झाड." त्यावर मी काय बोलणार? ज्या बाईने माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा पोचवला, तिच्या न्हाणीच्या आड पाखरे आणायची का?

मी नाही म्हटले नाही. त्या उंबरावरचे शेहेचाळीस फोटो तेवढे स्टुडिओतून छापून आणले, मागे तारखा घातल्या आणि अज्जींच्या अंथरुणावर नेऊन ठेवले. त्यांनी ते भिंग घेऊन दुपारभर पाहिले. एवढी वर्षे त्यांनी ही पाखरे माडीच्या खिडकीतून लांबून पाहिली होती. संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "ई मर होद्र ना एन नोडली?"

मग पुन्हा मोजमापे झाली. खोली तीन फुटांनी लहान झाली, दार फिरवले, आणि परवानगी काढून एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्याकडच्या दोन मोठ्या फांद्या उतरवल्या. खोड राहिले. पण गेलेल्या दोन फांद्यांतली एक नर्तकाची होती. तो हिवाळा सुना गेला, हळद्यासुद्धा फिरकला नाही. पुढच्या वर्षी जानेवारीत हळद्याची जोडी आली. नर्तक नाही.

हे सगळे वाचून कुणाला आपल्या परड्याकडे बघावेसे वाटले, तर दोन गोष्टी सांगते. मातीच्या पसरट परळात दोन बोटे पाणी ठेवा, मधे एक दगड ठेवा आणि पाणी रोज बदला. मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाजवळ परळ नको. शेव, बिस्किटे घालू नका, या पाहुण्यांना किडे आणि फळेच लागतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते, भारतात ती २०१३ पासून चालते. पंधरा मिनिटे बसून मोजले तरी नोंद धरली जाते. मी दर वर्षी यादी पाठवते, त्यात अज्जींनी पाहिलेलेही असतात.

अज्जींची खाट आता नव्या खोलीच्या खिडकीशी आहे, राहिलेल्या उंबराच्या अगदी खाली. तिथून आमची मोरी दिसते. २०२५ च्या सप्टेंबरात मी पडद्यामागे ताटकळत होते, आणि भिंतीपलीकडून हाक आली, "टीचर, बंत नोड्री!" मी कॅमेरा उचलेपर्यंत धोबी उडाला होता. फोटो दुसऱ्या दिवशी मिळाला. त्यावर तारीख २३ आहे, पण अज्जींना ते मुळीच मान्य नाही. वहीत मी २२ लिहिली. नर्तकाच्या रकान्यात तिसऱ्या वर्षीही रेघच आहे.