पेल्यांवर मोजलेला सोलापूरचा दिवस

एप्रिल उजाडला की सोलापुरात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि तेथेच मुक्काम ठोकतो. अशा दिवसांत वृद्ध रुग्णांना पाण्याविषयी विचारले, तर एक उत्तर हमखास मिळते : “तहानच लागत नाही, डॉक्टर.” हे उत्तर खरे असते आणि म्हणूनच काळजीचे असते. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते. पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची शक्तीही घटते. शरीर कोरडे पडल्याचे कळते ते चक्कर, गुंगी किंवा एकाएकी उडालेला गोंधळ यांतूनच. पूर्वी तहान जे काम करीत असे, ते आता दिवसाच्या वेळांनी आणि घरच्या माणसांनी करावयाचे आहे. सुदैवाने या शहराच्या दिनक्रमात प्रत्येक वेळेचे पेय ठरलेलेच आहे.

सकाळ सुरू होते सिद्धेश्वर तलावाच्या काठी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हा तलाव निर्माण केला, अशी श्रद्धा आहे. कोरड्या मुलखातील या संताला पाण्याचे मोल ठाऊक होते. फिरून आल्यावरचा पहिला चहा केवळ तरतरीचा नसतो, तो सोबतीचाही असतो. वडीलधाऱ्यांचा तो चहा तोडू नये. त्याआधी पेलाभर साधे पाणी द्यावे आणि साखर निम्म्यावर आणावी. कपाला दोन चमचे म्हटले, तरी चार कपांत आठ चमचे साखर नकळत पोटात जाते. थायरॉइडची गोळी असल्यास ती पाण्यासोबत घेऊन चहा अर्ध्या ते एक तासाने घ्यावा.

ऊन चढू लागले की शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांची खडखड ऐकू येते. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. गिरण्या आणि मागांच्या ओढीने तेलंगणातील विणकर कुटुंबे येथे स्थिरावली. कर्नाटक तर वेशीवरच. म्हणून आपल्याकडे जी आंबील, तीच शेजारच्या तेलुगू आणि कन्नड घरांत अंबली. ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवून, सकाळी शिजवून, निवल्यावर ताकात कालवायचे; वरून जिरे आणि किंचित लसूण. दात नसलेल्यांना ती सुखाने घेता येते आणि पाण्याबरोबर पोषणही मिळते. रक्तदाब असेल तर मीठ बेताने. मधुमेहींनी ती भाकरीच्या हिशेबात धरावी.

दुपारी रस्ते ओस पडतात. घर झोपते आणि वृद्ध माणूस एकटाच जागा असतो. दिवसातील ही सर्वांत उदास घटका. उशाशी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच सापडतो. हातात दिलेला पेला मात्र रिकामा होतो. या वेळी कैरीचे पन्हे किंवा लिंबूपाणी न्यावे आणि पेला संपेपर्यंत शेजारी बसावे. मधुमेहींच्या पन्ह्यात गूळ घालू नये.

चारचा चहा गप्पांचा. तो जेवणापासून निदान तासभर दूर ठेवावा, कारण चहातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह अंगी लागू देत नाहीत. पांडुरोगासाठी लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर ही काळजी अधिकच घ्यावी. झोप लागत नसेल, तर यापुढे चहापत्ती नको. गवती चहा आणि आल्याचा काढा पुरे.

संध्याकाळी रसवंतीगृहाच्या घुंगरांचा नाद नातवंडांइतकाच आजोबांनाही बोलावतो. स्वच्छ ठिकाणी, बर्फाविना, क्वचित अर्धा पेला उसाचा रस चालेल. मधुमेहींनी मात्र गप्पांवरच समाधान मानावे. रात्री हळदीचे दूध झोपण्याच्या दोन तास आधी द्यावे, म्हणजे मध्यरात्री लघवीसाठी उठून पडण्याचा धोका टळतो.

काही घरांना मात्र सावधगिरी हवी. हृदय किंवा मूत्रपिंडे दुबळी असतील, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दिवसभराच्या पाण्याचे माप आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अशा मूत्रपिंडाच्या रुग्णांना विचारल्याविना नारळपाणी देऊ नये, त्यात पोटॅशियम भरपूर असते. पक्षाघातानंतर पाणी पिताना ठसका लागत असेल, तर आधी तपासणी हवी. जीभ कोरडी, लघवी गडद आणि बोलणे असंबद्ध झाले, तर थांबू नये, दवाखाना गाठावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये.

घरातील दिनदर्शिकेशेजारी एक कागद लावा. त्यावर सहा वेळा, सहा पेये आणि प्रत्येक पेल्यापुढे तो कोणी न्यायचा, त्याचे नाव लिहा. यांत नावाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे.