बाईंची फजिती

बालमित्रांनो, आज माझीच एक फजिती सांगते. हसलात तरी चालेल!

सिन्नर तालुक्यातल्या आमच्या शाळेत तीन जुने संगणक आहेत. त्यांवर लिनक्स चालते. लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली. १९९३ मध्ये तिच्या घराण्यात डेबियन आली. आमच्याकडे आहे ती हीच. आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही डेबियनवरूनच बनली आहे.

प्रिंटर मात्र एकच, एका संगणकाला जोडलेला. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने त्या संगणकातल्या सेटिंगच्या फाइलमध्ये थोडा बदल करून दिला. मग बाकीच्या दोघांवरूनही छपाई होऊ लागली.

एका शनिवारी मी त्या संगणकावर अपडेट लावले. मध्येच ते थांबले आणि पडद्यावर इंग्रजी मजकूर आला. पाचवीतली एक मुलगी शेजारीच होती.

"बाई, तो काहीतरी विचारतोय. वाचा ना!"

"अगं, नवीन ते चांगलंच असणार!" मला बस गाठायची होती. मी 'वाय' दाबले. म्हणजे 'हो'.

सोमवारी पालक यायचे होते. त्याआधी मुलांनी टाइप केलेल्या गोष्टी छापून भिंतीवर लावायच्या होत्या. पण दोन संगणकांवरून एक पान निघेना! मुले रडवेली झाली. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी त्या माजी विद्यार्थ्याला फोन लावला. तो हसला. "बाई, प्रश्न नीट वाचा, मगच उत्तर लिहा, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

संगणकाने विचारले होते, 'ही फाइल तुम्ही बदललेली आहे. नवीन घेऊ, की तुमचीच ठेवू?' समजा, शाळेचे वेळापत्रक नवे छापून आले. जुन्यावर आपण पेनाने केलेले बदल त्यात कसे असतील? तसेच झाले होते. 'एन' दाबले असते, तर आपली फाइल राहिली असती. नुसते एंटर दाबले, तरी तीच राहते. 'डी' दाबले की दोन्हींतला फरक दिसतो. नेहमी आपलीच ठेवणेही बरे नाही, कारण नवीन फाइलमध्ये कामाच्या सुधारणा असू शकतात. म्हणून आधी 'डी', मग निर्णय!

नशीब, संगणकाने जुनी फाइल फेकली नव्हती. नावापुढे 'डीपीकेजी-ओल्ड' असे शेपूट लावून ठेवली होती. त्या मुलीने दोन्ही फाइली ओळीओळीने ताडून पाहिल्या. फरक सापडला! नव्या फाइलप्रमाणे प्रिंटर फक्त स्वतःच्याच संगणकाचे ऐकत होता. आमची जुनी ओळ नव्या फाइलमध्ये लिहिली, छपाईची सेवा पुन्हा सुरू केली, आणि खर्रर्र करत पहिले पान बाहेर आले.

पालक आले तेव्हा भिंत गोष्टींनी भरली होती. वर्गात मी सांगून टाकले, "चूक माझी होती. हिचं ऐकायला हवं होतं."

आता अपडेट लावायचे म्हटले, की मुले मागून ओरडतात, "बाई, आधी वाचा!"