पणजोबा कुठल्या वाटेनं गेले?

आमच्या नगरच्या घरात नरक बैठकीच्या खोलीत टांगलेला होता. भिंतीवरच्या घड्याळाशेजारी, काळ्या लाकडी चौकटीत. ‘दोन वाटा’ या नावाची ही तसबीर मुळातली जर्मनीतली, १८६६च्या सुमाराची. पुढे तिच्या इंग्रजी प्रती निघाल्या, जगभर पसरल्या आणि त्यांतलीच एक कुणा मिशनरी मडमेनं जाताना आजोबांना दिली. डावीकडे रुंद वाट. तिच्यावर नाटकगृह, जुगाराचा अड्डा, नटूनथटून चाललेली माणसं. उजवीकडे अरुंद वाट. तिच्यावर चर्च, शब्बाथशाळा, मग चढ आणि चढाच्या टोकाला लखलखणारं नगर. रुंद वाट जिथे संपते तिथे आग. सगळ्यांत वर त्रिकोणात एक उघडा डोळा.

दुपारी घर झोपलं की मी खुर्चीवर चढून त्या आगीजवळची आगगाडी बघत बसे. हो, नरकाच्या तोंडाशी एक आगगाडी काढलेली होती. रविवारी धावते म्हणून तिला तिथे जागा मिळाली होती. माझे मामा दौंड-मनमाड मार्गावर गार्ड होते आणि रविवारीही ड्यूटीवर जात. खिशात शिट्टी, हातात हिरवा-लाल कंदील, डब्यात आईनं दिलेली चपाती-भाजी. ते निघाले की मला रडू फुटायचं. का रडतो ते मी कुणाला सांगितलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझा एक जुना मित्र. शाळेपासूनचा. दिवाळीला त्याच्याकडे फराळाला मी जाणार आणि नाताळाला आमच्याकडे तो येणार, हे आमचं ठरलेलं आहे. मागच्या दिवाळीत चिवड्याची वाटी माझ्या हातात देता देता त्यानं विचारलं, ‘‘खरं सांग, मेल्यावर नरकात पडू ही भीती काढून घेतली, तर तुमच्या धर्मात मागे काय उरतं रे?’’ विचारण्यात खोच नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेव्हा मी त्याला जे अर्धवट सांगितलं, ते आज सावकाश लिहावंसं वाटतं आहे.

भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. दरवर्षी सुगी आटोपली की उज्जीवन सभा भरायच्या. मैदानात मांडव, बसायला सतरंज्या, एका कडेला पेटी-तबला. आधी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं व्हायची. सगळा मांडव टाळ्या धरून गायचा, आणि ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक न उघडताच आजीला सगळी कडवी येत. मग बाहेरगावचा वक्ता उभा राहायचा. त्याचा आवाज हळूहळू चढत जाई, आणि शेवटी तो प्रत्येकाला विचारी की आज रात्रीच तुझा प्राण गेला तर तू कुठे असशील? माणसं उठून पुढे जात, गुडघे टेकत, हुंदके देत. मीही गेलो होतो.

त्या सभांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. आमच्या आळीतला एक शिपाई तिथेच दारू सोडून आला आणि मरेपर्यंत त्यानं तिला हात लावला नाही. पण म्हातारपणी तोच मला म्हणाला होता, ‘‘सभेतली आग चार दिवस टिकली, बाबा. पाचव्या दिवशी पाय गुत्त्याकडे वळले, तर वाटेत तुझे आजोबा उभे. रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. उपदेश नाही, काही नाही. गप्पा मारायचे. चांगले वर्षभर.’’ सभेत भीतीनं पुढे गेलेली आणि नंतर मागे फिरलेली माणसंही मी पुष्कळ पाहिली. जे टिकले त्यांच्या ओट्यावर कुणीतरी येऊन बसलेलं होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

आणि मरणानंतरच्या यातना ही काही आमच्याच घरची मिरास नव्हती. शेजारी कुणी वारलं की तेरा दिवस गरुडपुराण लागे. आम्ही मुलं ओसरीच्या कडेला बसून वैतरणी नदी आणि यमदूतांची वर्णनं ऐकत असू. शेजारच्या काकूंचा देवावरचा जीव त्या वर्णनांवर टांगलेला नव्हता. पहाटे तुळशीपाशी त्या जे पुटपुटत त्यात यमाचं नाव कधी ऐकू आलं नाही.

आता पणजोबांविषयी.

आमचं मूळ घर नेवाशाकडच्या एका गावात, गावकुसाबाहेर. पणजोबा ख्रिस्ती झाले नाहीत. आषाढीला पायी पंढरपूरला जायचे आणि चोखोबांच्या पायरीवर डोकं टेकून परत यायचे. त्या काळी त्यांना त्याच्या पुढे जाऊ देत नसत. मुलाला मात्र त्यांनी स्वतः चालत नगरला आणून मिशनच्या शाळेत घातलं. मुलगा तिथे शिकला, बाप्तिस्मा घेतला, बोर्डिंगमध्ये शिकलेल्या मुलीशी लग्न केलं. ती माझी आजी. सून घरात आली तेव्हा पणजोबा डोक्यावर बाजरीचं गाठोडं घेऊन नगरला आले आणि तिच्या हातची भाकरी खाऊन गेले. १९१८च्या साथीत, ज्या इन्फ्लुएंझानं घरंच्या घरं रिकामी केली त्या साथीत, ते वस्तीतल्या आजाऱ्यांना पाणी पाजत फिरले. लोक आपल्या सख्ख्यांच्या दारातही जात नव्हते तेव्हा हे आत जात. शेवटी त्यांनाच ताप आला.

हे आजी नेहमी सांगायची. म्हणून एकदा नाताळच्या आदल्या आठवड्यात मी तिला विचारलं. ती करंज्या करत बसली होती. मांडीवर जुनं लुगडं, पुढे पोळपाट, ओल्या फडक्याखाली झाकलेल्या लाट्या. तिला कातण्याचं चाक आवडत नसे. ती बोटांनीच मुरड घालायची, आणि तिची मुरड दोरीच्या पिळासारखी एकसारखी यायची. मी म्हटलं, ‘‘आजी, पणजोबा कुठल्या वाटेनं गेले? रुंद की अरुंद?’’

तिची बोटं थांबली नाहीत. मुरड पुरी करून करंजी ताटात ठेवली आणि म्हणाली, ‘‘मामंजींना मी ओळखत होते. देव त्यांना माझ्याहून जास्त ओळखतो. ते ताट इकडे सरकव, आणि सारण खाऊ नको.’’

नाताळच्या सकाळी घरच्या प्रार्थनेत ती दरवर्षी मामंजींचं नाव घ्यायची. एक वर्ष नवे पाळकसाहेब प्रार्थनेला बसले होते. तरुण, मनानं चांगले. चहा घेताना हळूच म्हणाले, ‘‘आजीबाई, आपल्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत.’’ आजी म्हणाली, ‘‘साहेब, मी त्यांच्यासाठी काही मागत नाही. त्यांच्याबद्दल आभार मानते. त्यांनी मुलाला इथे आणलं नसतं, तर या घरात प्रभूचं नाव कुणी घेतलं असतं?’’ पाळकसाहेबांनी मान हलवली. पुढल्या नाताळात ते पुन्हा आले, तेव्हा आजीच्या आधी त्यांनीच पणजोबांसाठी आभार मानले.

मोठेपणी मिशनचा जुना इतिहास वाचू लागलो तेव्हा कळलं की माझा प्रश्न माझ्या एकट्याचा नव्हताच. पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती लोकांपुढे तो रोज उभा होता. तुम्ही आज आलात. आमचे बाप-आजे तुमच्या आधीच गेले, त्यांच्या कानी हे नाव पडलंच नाही. ते कुठे आहेत? याच प्रश्नापायी आमच्या नगरच्या एका मिशनऱ्याची नोकरी धोक्यात आली होती. रॉबर्ट ॲलन ह्यूम. १८४७ साली मुंबईत जन्मलेले, मिशनरी आईबापांचे चिरंजीव. १८७४मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले आणि १८७८मध्ये त्यांनी नगरला ईश्वरविज्ञानाची पाठशाळा सुरू केली. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी अँडोव्हर सेमिनरीतल्या पंडितांच्या बाजूनं बोलायचं धाडस केलं. ज्यांना या जन्मी ख्रिस्त कळलाच नाही त्यांना मरणानंतर संधी मिळू शकेल, अशी आशा धरायला त्या पंडितांनी जागा ठेवली होती. मिशनच्या बोर्डात वादळ उठलं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की मरणानंतरही संधी आहे म्हटल्यावर परदेशी मिशन चालवायचीच कशाला, आणि त्यांना पैसा तरी कोण देईल? ह्यूम यांचं परतणं काही काळ अडवून धरलं गेलं. मग परवानगी मिळाली आणि ते नगरला परत आले.

मला यात फार मोठी गोष्ट दिसते. भीती काढली तर काम थांबेल, असं त्या बोर्डातल्या कितीतरी भल्या माणसांना मनापासून वाटत होतं. आणि ज्याच्याकडे भीतीचा धाक उरला नव्हता तो माणूस बोटीत बसून याच उन्हातान्हात परत आला. १८९९-१९००च्या दुष्काळात तो अन्नाच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला होता. त्याच्या पाठशाळेत पुढे नारायण वामन टिळक शिकवत होते.

टिळकांचंच पाहा. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका गोऱ्या माणसानं त्यांच्या हाती नवा करार दिला. तो वाचताना त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनानं, म्हणजे मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायी घर मोडलं, आप्त तुटले. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि नंतर त्या आल्या त्याही नवऱ्यामागून फरफटत नव्हे. जात देवानं नाही, माणसानं केली, हे त्यांचं त्यांना उमगलं. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. त्यात दुःख आहे, हसू आहे, भांडणं आहेत. त्यांच्या मनाची कूस बदलते त्या जागी आग आणि गंधक कुठे दिसत नाहीत.

पंडिता रमाबाईंच्या मनाचं दार इंग्लंडमध्ये उघडलं. लंडनजवळच्या फुलमला, समाजानं टाकून दिलेल्या बायकांना सिस्टर लोकांनी सांभाळलेलं त्यांनी पाहिलं. असल्या बायकांना कुणी माया लावतं हे त्यांना नवीन होतं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंनी पुढे आपल्या मुक्ती मिशनमध्ये हजारो जिवांना आसरा दिला, त्याचं बी तिथलं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नीळकंठशास्त्री गोरे, काशीतले मोठे पंडित, १८४८ साली ख्रिस्ती झाले. सार्वकालिक शिक्षेचा प्रश्न त्यांनाही भिडला होता, आणि १८६८मध्ये त्यांनी त्या सिद्धान्ताच्या बाजूनं लिहिलं. गोरेशास्त्री घाबरट नव्हते. देव न्यायी असेल तर पापाचा हिशेब झालाच पाहिजे, असं त्यांच्या कडक बुद्धीला वाटत होतं. मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही, पण त्यांच्या तळमळीपुढे मी मान लववतो.

आमच्या कुसाबाहेरच्या माणसांना मात्र मेल्यानंतरच्या नरकाचं काय भय असणार होतं? विहिरीवर पाणी नाही, देवळात पाऊल नाही, सावलीचाही विटाळ. ती माणसं आली ती शाळेसाठी, दुष्काळात मिळालेल्या घासासाठी, आणि प्रभुभोजनाच्या वेळी आपल्यालाही भाकर नि द्राक्षारस मिळतो म्हणून. आजोबा सांगत, पहिल्यांदा ते पाळकांच्या हातून भाकर घ्यायला गेले तेव्हा सवयीनं ओंजळ खाली धरून लांब उभे राहिले. पाळकांनी पुढे येऊन त्यांचे हात आपल्या हातांत घेतले. हे सांगताना आजोबांचा आवाज कधीच सरळ राहिला नाही.

मित्राला यातलं बरंच मी त्या दिवशी सांगितलं. तो वाचणारा माणूस. म्हणाला, ‘‘पण नरकाविषयी खुद्द येशूच बोलतो की.’’ बोलतो. यरुशलेमच्या दक्षिणेला असलेल्या हिन्नोमच्या खोऱ्याचं नाव त्यानं त्या जागेला दिलं, आणि ते शब्द पुसायचा अधिकार मला नाही. पण तो ते कुणाला सुनावतो ते बघावं. त्याच्या तोंडचे सगळ्यांत कडक शब्द आहेत ते शास्त्री-परूश्यांसाठी, स्वतःला नीतिमान समजणाऱ्यांसाठी, आणि आपल्या शिष्यांसाठी. ज्या जकातदारांच्या पंगतीला तो जेवला, त्यांच्या ताटासमोर बसून त्यानं त्यांना आग दाखवल्याचं मला कुठे सापडलेलं नाही.

आणि शेवटच्या न्यायाचा जो अध्याय, मत्तयाचा पंचविसावा, त्यात राजा ज्यांना उजवीकडे बोलावतो ते चकित होतात. आपण त्याला कधी जेवू घातलं, कधी पाणी पाजलं, हे त्यांना आठवतच नाही. शिक्षेच्या भीतीनं किंवा बक्षिसाच्या आशेनं पाणी पाजणारा माणूस हिशेब ठेवतो. त्याला चकित व्हायचं कारण नसतं. हा अध्याय मी वाचतो तेव्हा मला १९१८ सालची नेवाशाकडची वस्ती दिसते, आणि हातात तांब्या घेऊन दारोदार जाणारे पणजोबा.

मित्राचं पूर्ण समाधान झालेलं नाही. त्याच अध्यायात डावीकडच्यांचं काय होतं ते त्यानं मला लगेच वाचून दाखवलं, आणि त्याचं बरोबर आहे, तेही तिथेच लिहिलेलं आहे. येत्या पंचवीस डिसेंबरला तो करंज्या खायला येणार आहे. मुरड आता माझी बायको घालते. गोरेशास्त्री आणि ह्यूमसाहेब, दोघांबद्दलची पुस्तकं मी काढून ठेवली आहेत. तो गोऱ्यांच्या बाजूनं बोलणार, मी ह्यूमसाहेबांच्या, आणि चहा दोन-तीनदा तरी टाकावा लागेल.